मुसी नदीचा महापूर आणि चिंचेचे झाड

मुसी नदी आपल्या शहराच्या मधून वाहते, हे वाक्य भूगोलाच्या वहीत आपण सर्वांनी लिहिले आहे. उन्हाळ्यात नया पुलावरून जाताना खाली डोकावले, तर ते वाक्य थोडे अतिशयोक्तीचे वाटते. काळसर पाण्याचा एक ओघळ, दोन्ही बाजूंस कचरा, मध्ये गवताची बेटे. या ओघळाने एके काळी काही तासांत हजारो माणसे ओढून नेली, यावर नव्या माणसाचा विश्वास बसणे कठीण आहे. विद्यार्थ्यांना इतिहास शिकविताना आम्हाला हीच अडचण येते. लढाईची गोष्ट सांगितली की मुले कान टवकारतात. नदीची गोष्ट सांगितली की खिडकीबाहेर पाहू लागतात. म्हणून या लेखात २८ सप्टेंबर १९०८ या दिवसाची हकिकत जरा विस्ताराने देण्याचे आम्ही योजिले आहे. हकिकत पुराची असली तरी आमचे लक्ष नदीपेक्षा तिच्या काठच्या कुटुंबांकडे अधिक आहे. घर डोळ्यांदेखत कोसळत असता माणसे कोठे गेली, कशाला धरून राहिली आणि त्यांतली कोणती वाचली, हे पाहणे हा या अभ्यासाचा खरा हेतू.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. या शहरातील जुनी उर्दू बोलणारी माणसे त्या घटनेला ‘तुघ्यानी’ म्हणत. तुघ्यानी म्हणजे उसळणे, मर्यादा ओलांडणे. आपण मराठीत महापूर म्हणतो. आमच्या घरच्या कोकणीत त्याला ‘हुंवार’ असा शब्द आहे. तेलुगूत पुराला ‘वरद’ म्हणतात. आपल्याकडे मात्र वरद म्हणजे वर देणारा! एकाच शहरातल्या दोन शेजारणींपैकी एकीने मुलाचे नाव हौसेने जे ठेवावे, तेच ऐकून दुसरीने दचकावे, असा हा प्रकार आहे. असो.

मुसी नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत येते. शहराच्या पश्चिमेस, लंगर हौजजवळ, तिला ईसी नदी मिळते. आज तेथे बापूघाट आहे. पुढे शहर दुभागून ती नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला ज्या मुलखातील पावसाचे पाणी या दोन नद्यांत उतरते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८६२ चौरस मैल भरते. दख्खनच्या या खडकाळ पठारावर पूर्वजांनी ओढ्याओढ्यावर मातीचे बांध घालून तळी निर्माण केली होती. १९०८ मध्ये या मुलखात अशी ७८८ तळी होती, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. ही तळी एकाखाली एक अशी साखळीने बांधलेली असत. वरचे भरले की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्यात, ते भरले की त्याच्याही खालच्यात. दुष्काळी प्रदेशात पाण्याचा थेंबन्‌थेंब अडविण्याची ही युक्ती किती शहाणपणाची होती, हे वेगळे सांगावयास नको. परंतु या साखळीत एक धोका दडलेला होता. वरचा बांध फुटला तर त्याचे सारे पाणी एकदम खालच्या तळ्यावर येऊन आदळते. खालचा बांध आपल्या वाट्याच्या पावसासाठी बांधलेला. दोघांचे ओझे त्याला पेलत नाही. मग तोही जातो आणि तिसऱ्यावर तिघांचे ओझे पडते.

१९०८ सालच्या सप्टेंबरअखेर नेमके हेच घडले. बंगालच्या उपसागरातून आत सरकलेल्या वादळी हवेने या पठारावर विलक्षण पाऊस पाडला. शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच व अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस मोजला गेला. आजच्या मापाने हे दोन दिवसांत ४८० मिलिमीटर होतात. आपल्या शहराची वर्षाची सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर आहे. वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस दोन दिवसांत, तोही पावसाळ्याच्या शेवटी, जमीन पाणी पिऊन तृप्त झाली असता आणि तळी काठोकाठ असता! ७८८ पैकी २२१ तळी फुटली.

त्या वेळी नवरात्र बसलेले होते आणि रमजानचा महिनाही नुकताच लागला होता. दोन्ही समाजांच्या घरांत व्रताचे दिवस. अमावास्या होऊन दोनतीनच दिवस झालेले, त्यामुळे चंद्र सायंकाळीच मावळणारा. वर ढगांचे छत. २७ तारखेची ती रात्र किती अंधारी असेल याची कल्पना विजेच्या दिव्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला करता येणार नाही. पाणी चढत आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी पायांना कळले असेल. २८ च्या पहाटेपासून नदी झपाट्याने वर आली आणि तिने दोन्ही काठांवरच्या वस्त्या गिळावयास आरंभ केला. कोलसावाडीसारखे मोहल्ले नकाशावरून पुसले गेले. अफजलगंज, मुसल्लमजंग व चादरघाट येथील पूल गेले. १५७८ मध्ये कुतुबशाही काळात बांधलेला पुराना पूल तेवढा घाव सोसून उभा राहिला. सुमारे १९,००० घरे पडली. मृतांचा आकडा सामान्यतः १५,००० सांगितला जातो. काहींनी तो याहून बराच मोठा धरला आहे.

पुराच्या ऐन भरात नदीतून दर सेकंदाला ४,२५,००० घनफूट पाणी वाहत होते, असा अंदाज नंतर अभियंत्यांनी काढला. असा आकडा वाचून मुले ‘बापरे’ म्हणतात आणि पान उलटतात. म्हणून आम्ही वर्गात एक हिशेब घालतो. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा वर्गाच्या खोलीत चार हजार घनफूट जागा असते. तेव्हा छतापर्यंत पाण्याने भरलेल्या अशा शंभरांहून अधिक खोल्या एका सेकंदात पुलाखालून जात आहेत, आणि हे काही घटका अखंड चालले आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. मग पूल का वाहून गेले याचे कोडे पडत नाही.

आता घरांकडे वळू. नदीकाठची बहुतेक घरे मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतींची आणि माळवदाची होती. अशा घरातील कुटुंब पाणी दारात आले की स्वाभाविकपणे काय करील? आधी मुलाबाळांना ओट्यावर, मग माळ्यावर, शेवटी माळवदावर चढवील. उंची म्हणजे सुरक्षितता, ही समजूत माणसाच्या हाडीमासी खिळलेली आहे. परंतु भिजलेली मातीची भिंत ही भिंत राहत नाही. पाणी तिला तीन तऱ्हांनी मारते. एक तर माती विरघळते. दुसरे, वाहते पाणी पायाखालची जमीन कोरून नेते. आणि तिसरे, पाण्याचा प्रत्यक्ष रेटा. आठवी-नववीच्या मुलांना द्रवाच्या दाबाचा पाठ असतो. स्थिर पाणी तीन मीटर खोल असेल, तर त्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टन पडतो. खोली दुप्पट झाली की हा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. हे झाले उभ्या पाण्याचे. वाहत्या पाण्याचा आघात यावर आणखी. माळवदावर बसलेल्या कुटुंबाला वाटत होते की आपण पाण्याच्या वर आहोत. वस्तुतः ते पाण्याने पोखरलेल्या मातीवर बसलेले होते.

मातीच्या घरांचे सोडा. दगडी तटाचे काय झाले ते पाहा. नदीकाठाने शहराची तटबंदी होती व पेटला बुरूज हा तिच्यातला एक उंच बुरूज. दगडाचा, रुंद, लढाईसाठी बांधलेला. याहून भक्कम आसरा कोणता, असे वाटून शेकडो स्त्रीपुरुष मुलांसह त्यावर चढले. तो बुरूजच ढासळला आणि त्यावरची माणसे प्रवाहात गेली. तोफगोळ्यांसाठी बांधलेली भिंत समोरून येणारा आघात सोसते. पायाखालून माती जाऊ लागली की तिचे वजनच तिचा शत्रू होते.

आणि याच दिवशी, येथून हाकेच्या अंतरावर, नदीच्या दुसऱ्या काठी अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचे झाड उभे होते. त्याच्या फांद्यांवर सुमारे दीडशे माणसांनी आश्रय घेतला. कोणी दवाखान्यातले, कोणी आसपासच्या गल्ल्यांतले, कोणी प्रवाहातून वाहत येऊन फांदी हाती लागलेले. भोवतालच्या इमारती गेल्या. झाड हलले नाही. पाणी ओसरेपर्यंत ती माणसे तशीच फांद्यांना धरून राहिली आणि वाचली.

झाड का टिकले आणि बुरूज का पडला? काही वर्षांपूर्वी आम्ही इयत्ता नववीच्या मुलांना ते झाड दाखवावयास नेले होते, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. “झाडाला देव असतो, सर,” असे एकाने उत्तर दिले. आम्ही त्याला खोटे म्हटले नाही; दीडशे कुटुंबीयांनी त्या झाडाला देव मानले असेल तर त्यांना नावे ठेवणारे आपण कोण? पण दुसऱ्या एका मुलीने बुंध्याभोवती फिरून, वर पाहून सांगितले की, “याच्यातून पाणी जाऊ शकते.” हे उत्तर आमच्या मते फार चांगले होते. भिंत पाणी अडविते म्हणून सारा रेटा अंगावर घेते. झाडाचा बुंधा तेवढा अडतो. बाजूने आणि फांद्यांमधून पाण्याला वाट असते. शिवाय जुन्या चिंचेची मुळे खोल आणि दूरवर गेलेली असतात व तीच पायाची माती बांधून धरतात. बुरुजाच्या पायाखालची माती पाण्याने नेली. झाडाने आपली माती सोडली नाही. लाकूडही चिवट, वाकेल पण सहसा तुटणार नाही. त्या दीडशे माणसांना हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही. जवळ होते ते त्यांनी धरले. म्हणून जे वाचले ते शहाणे आणि जे बुरुजावर गेले ते वेडे, असा निवाडा आम्ही करणार नाही. त्या क्षणी आम्हीही, मुले बरोबर असती तर, बुरुजाकडेच धावलो असतो.

एका कुटुंबाची हकिकत मात्र नावानिशी सांगता येते, कारण ती त्या घरातील वाचलेल्या माणसानेच जगापुढे मांडली. उर्दू काव्याच्या अभ्यासकांना अमजद हैदराबादी हे नाव परिचित आहे. रुबाई या चार चरणांच्या छंदातील ते या शहराचे सर्वश्रेष्ठ कवी मानले जातात. त्यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात वडील वारले होते. आईने त्यांना वाढविले. १९०८ च्या पुरात त्यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी या तिघी वाहून गेल्या. घर गेले, घरातील माणसे गेली. कुटुंबातून एकटे ते वाचले. या अनुभवावर त्यांनी ‘कयामत-ए-सुग्रा’ ही कविता लिहिली. कयामत म्हणजे जगाचा अंतिम दिवस. सुग्रा म्हणजे धाकटी. धाकटी कयामत! सबंध जग तसेच राहते, सूर्य उगवतो, बाजार भरतो, आणि एकाच माणसाचे जग तेवढे संपते, त्याला हा शब्द किती अचूक आहे. अमजद त्यानंतर त्रेपन्न वर्षे जगले. १९६१ मध्ये त्यांचा देहान्त झाला. पुढील आयुष्यात त्यांनी पुन्हा संसार केला, आत्मचरित्र लिहिले आणि ईश्वरनिष्ठा व धीर यांच्या रुबायांनी दोन पिढ्यांना आधार दिला. संकटातून वाचणे म्हणजे काय, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकांत बहुधा ‘सुदैवाने प्राण वाचले’ एवढ्या तीन शब्दांत आटोपलेले असते. अमजदांच्या बाबतीत वाचण्याचे काम त्या दिवशी संपले नाही. ते पुढे त्रेपन्न वर्षे चालू राहिले, असे आम्हाला वाटते.

पूर ओसरल्यावर शहराने काय केले? सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी आपले महाल बेघरांसाठी उघडले आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे सुरू झाली. नदी शांत व्हावी म्हणून त्यांनी हिंदू रीतीने मुसीची पूजा करून आरती ओवाळली, अशी कथा शहरात घरोघर सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण ती इतकी वर्षे टिकली याचा अर्थ राजाकडून लोकांची अपेक्षा काय होती, हे तीतून कळते. सरोजिनी नायडू यांनी मदतकार्यात झटून भाग घेतला. आपल्या मराठी मंडळींची विवेकवर्धिनी संस्था आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, येथे स्थापन झाली होती. म्हणजे या शहरातील मराठी शिक्षणाचे आणि या पुराचे वय जवळजवळ एकच आहे.

परंतु अन्नछत्राने पुढचा पूर थांबत नाही. हे ओळखून निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, नोकरीची सारी उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि त्यांच्या कल्पनेतील स्वयंचलित दरवाजे प्रथम बसले ते पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर, १९०३ मध्ये. १९०९ साली ते हैदराबादला आले. त्यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. पूर किती आला, हे त्यांनी लोकांच्या आठवणींवर सोडले नाही. पावसाच्या नोंदी, फुटलेली तळी, पाण्याच्या खुणा असे सारे गोळा करून हिशेब मांडला. वर दिलेले आकडे त्या तपासाचे फळ होत. नदीला शहरात भिंती घालून भागणार नाही, पाणी शहराच्या वरच अडविले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर हे जलाशय १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर हे १९२७ मध्ये पूर्ण झाले. उस्मानसागराला गंडीपेठ असेही म्हणतात. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. काठ बांधून काढण्यात आले आणि जेथे वस्त्या बुडाल्या होत्या त्याच परिसरात उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय अशा मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. वाचविणारे चिंचेचे झाड आज याच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे.

या दोन जलाशयांविषयी शहरात एक निर्धास्तपणा आहे. त्याची परीक्षा करणे आवश्यक वाटते. उस्मानसागराची क्षमता सुमारे ३.९ अब्ज घनफूट आणि हिमायतसागराची सुमारे २.९७ अब्ज घनफूट, बेरीज ६.८७ अब्ज. १९०८ च्या ऐन पुराचा वेग दर सेकंदाला ४.२५ लाख घनफूट. भागाकार मुलांनी स्वतः करून पाहावा. उत्तर सुमारे साडेचार तास येते. म्हणजे दोन्ही जलाशय अगदी कोरडे असले, तरी त्या वेगाने ते साडेचार तासांत काठोकाठ भरतील. आणि कोरडे ते असणार कसे? त्यांचे पाणी शहराने पिण्यासाठी वापरले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जलाशय भरलेला हवा. पुरासाठी तो रिकामा हवा. ही ओढाताण कोणत्याही अभियंत्याला चुकलेली नाही. तिचा निकाल एकाच गोष्टीने लागतो: पाऊस येत आहे हे आधी कळणे, दरवाजे वेळेवर व बेताने उघडणे आणि खालच्या लोकांना ते उघडण्यापूर्वी सांगणे.

पुणेकरांना याचे महत्त्व वेगळे समजावून द्यावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे धरण फुटले, त्याचे पाणी खाली येऊन खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. वरचे फुटले म्हणून खालचे फुटले. १९०८ च्या तळ्यांचीच ही मोठी आवृत्ती. आदल्या रात्री सैनिकांनी वाळूची पोती रचून पानशेतचा बांध काही तास तोलून धरला, त्यामुळे पाणी रात्री न येता दिवसा आले, आणि त्या काही तासांनी अगणित कुटुंबे वाचविली. विश्वेश्वरय्या त्या वेळी हयात होते. वयाची शंभरी त्यांनी गाठली होती. ज्या धरणावर आपले दरवाजे प्रथम बसले ते वाहून गेल्याची वार्ता त्यांनी कोणत्या मनाने ऐकली असेल, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

संकटाच्या जातीप्रमाणे आसरा बदलतो, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात टोर्नॅडो नावाचे वादळ होते. ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. १८ मार्च १९२५ रोजी अशाच एका भोवऱ्याने मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांतून सुमारे साडेतीन तास वाटचाल करीत ६९५ माणसांचे बळी घेतले. आपल्या शेजारी बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर व साटुरिया भागात आलेल्या टोर्नॅडोत सुमारे १,३०० माणसे मेली. मानवाच्या ज्ञात इतिहासात याहून घातक टोर्नॅडो नाही. तेथे वाचण्याचा नियम खाली जाण्याचा: तळघरात उतरा, ते नसेल तर घराच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत बसा. मुसीच्या पुरात तळघर म्हणजे थडगे झाले असते. वाऱ्याच्या भोवऱ्यात चिंचेचे झाड म्हणजे मृत्यू. ‘संकटात अमुक करावे’ असे एकच वाक्य पाठ करून चालत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. २४ ऑगस्ट २००० रोजी शहरात एका दिवसात २४१.५ मिलिमीटर पाऊस झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये एका दिवसात सुमारे १९२ मिलिमीटर. शमशाबादच्या १९०८ मधील ३२५ मिलिमीटरपुढे हे आकडे लहान आहेत. तरीही २०२० मध्ये पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तळ्यांचे बांध फुटले, घरे कोसळली, माणसे वाहून गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये जलाशयांचे दरवाजे उघडल्यावर मुसीचे पाणी महात्मा गांधी बस स्थानकात शिरले. हे स्थानक नदीच्या दोन प्रवाहांच्या मधोमध वसलेले आहे, ही गोष्ट किती प्रवाशांना ठाऊक असते? पूर्वी धोका तळी फुटण्याचा होता. आता तळी बुजविण्याचाही आहे. तळ्याच्या पोटात घरे बांधली, सांडव्यावर रस्ता केला, नाल्यावर भिंत घातली, की पाणी आपली जुनी वाट शोधीत नव्या घरांतून जाते. तळे भरून झालेल्या वसाहतीच्या नावात ‘चेरुवू’ किंवा ‘कुंटा’ हा शब्द बहुधा शिल्लक राहतो. पाणी गेले तरी नाव सांगत असते. वाचणारा मात्र हवा. १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घातले होते. २०२२ मध्ये दुसऱ्या आदेशाने ते उठविण्यात आले. मोठी माणसे त्यावर वाद घालतील. आमच्या वर्गातील काही मुले चादरघाट, मलकपेठ या बाजूंना नदीच्या अगदी लगत राहतात, म्हणून आमच्या दृष्टीने हा वादाचा नव्हे, हजेरीपटाचा विषय आहे.

या लेखासोबत इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पुढील काम देत आहोत. आपल्या घराजवळचा नाला कोठून येतो आणि कोणत्या वाटेने मुसीला मिळतो, हे पायी फिरून पाहावे व त्याचा नकाशा काढावा. मात्र पावसाच्या दिवसांत हे करू नये आणि घरातील मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. वाटेत एखादे तळे असेल तर त्याचा सांडवा शोधावा व तो मोकळा आहे की अडलेला, ते लिहावे. आपली गल्ली बांधण्यापूर्वी तेथे काय होते, हे आजीआजोबांना किंवा शेजारच्या वृद्धांना विचारावे. उत्तर तेलुगूत किंवा उर्दूत मिळाले तर ते त्याच भाषेत लिहून घ्यावे. शेवटी, रात्री पाणी दारात आले तर आपले कुटुंब कोणत्या रस्त्याने, कोणत्या पक्क्या इमारतीकडे जाईल आणि चालता न येणाऱ्या माणसास कोण उचलील, हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे आणि वहीच्या अखेरच्या पानावर लिहावे. वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे द्याव्यात.